पिप्पली, क्षार, लवण आणि औषधाचा देहातील प्रवास

आज आपल्या चिकित्सालयात येणारा रुग्ण सहसा एकट्या व्याधीसह येत नाही. त्याच्या पिशवीत रक्तदाबाची गोळी असते, मधुमेहाची असते, कित्येकदा थायरॉईडची, हृदयाची वा झोपेचीही असते. पंचवीस-तीस वर्षांमागे आमच्याकडे येणारा रुग्ण एक तर सर्व उपाय थकल्यावर येई, किंवा प्रथमपासून आमच्याच औषधावर असे. आता दोन्ही शास्त्रांची औषधे एकाच देहात, एकाच वेळी वावरत असतात. ती तेथे एकमेकांशी कशी वागतात, हा प्रश्न प्रत्येक वैद्याच्या आणि प्रत्येक औषधालय चालकाच्या दारात आलेला आहे. त्याचा मूलभूत विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ आमच्याच एका चुकीपासून करतो. पन्नाशीच्या एका भगिनी अम्लपित्तासाठी आमच्याकडे आल्या. कित्येक वर्षांपासून त्या थायरॉईडची गोळी घेत होत्या आणि त्यांची तपासणी नेहमी समाधानकारक येई. आम्ही शंखभस्म व प्रवाळ यांचे मिश्रण दिले. अम्लपित्त शमले, परंतु तीन-चार महिन्यांत अंग जड वाटणे, थकवा, मलावरोध आणि वजनवाढ सुरू झाली. टी.एस.एच. वाढलेले निघाले. त्यांच्या डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली. आम्ही मात्र अग्निमांद्य आणि कफवृद्धी यांचाच विचार करीत राहिलो. शेवटी एकदा सहज विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ''तुम्ही पुडी उपाशीपोटी घ्या म्हणालात, डॉक्टरांनी गोळी उपाशीपोटी घ्या म्हणून सांगितलं. मग मी दोन्ही एकाच घोटात घेते.''

दोष रुग्णाचा नव्हता. आम्ही पुडीची वेळ सांगितली, पण त्या वेळी पोटात आणखी काय जाते हे विचारले नाही. पुडी दुपारच्या जेवणानंतर घ्यावयास सांगितली, तेव्हा काही आठवड्यांत तपासणी पूर्वपदावर आली आणि डॉक्टरांना वाढवलेली मात्रा पुन्हा कमी करावी लागली. ह्या घटनेचे कारण पुढे ओघाने येईलच.

निपात, अधिवास आणि निष्ठा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात द्रव्याचे ज्ञान केव्हा होते हे सांगितले आहे. रस जिभेशी संबंध येताक्षणी कळतो. विपाक कर्माच्या अंती, परिणामावरून ओळखावा लागतो. वीर्य निपातापासून द्रव्य देहात वास करीत असेतोपर्यंत जाणवते. येथे द्रव्याच्या कार्याला काळाचे परिमाण दिलेले आहे, ही गोष्ट आपण पाठांतराच्या ओघात विसरतो. द्रव्य देहात येते, काही काळ राहते, बदलते आणि आपला परिणाम मागे ठेवून जाते.

आधुनिक औषधक्रियाशास्त्र हाच प्रवास चार टप्प्यांत मांडते : शोषण, वितरण, रूपांतर आणि उत्सर्जन. हे चार टप्पे म्हणजेच आपले रसपंचक, असे समीकरण आम्ही मांडू इच्छित नाही. दोन शास्त्रांच्या परिभाषा ओढूनताणून जुळवल्याने दोहोंचीही हानी होते. परंतु रुग्णाच्या पोटात गेलेली गोळी आणि आपले चूर्ण यांची वाट एकच असते, म्हणून ती वाट आपणांस ठाऊक असलीच पाहिजे.

मुखाने घेतलेले औषध मुख्यतः लहान आतड्यात शोषले जाते. तेथून ते प्रतिहारी शिरेने प्रथम यकृतात जाते. पुष्कळ औषधांचा मोठा अंश ह्या पहिल्याच फेरीत नष्ट होतो, म्हणून गिळलेली मात्रा आणि रक्तात पोहोचलेली मात्रा यांत अंतर पडते. रक्तात गेल्यावर काही औषध प्रथिनांना चिकटून राहते आणि उरलेले मोकळे असते. कार्य करते ते हे मोकळे औषधच. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरीनचा सुमारे ९९ टक्के भाग बद्ध असतो, म्हणजे संपूर्ण कार्य एका टक्क्याच्या बळावर चालते. पुढे यकृतातील विकरे औषधाचे रूप पालटतात आणि मूत्रपिंडे वा पित्त त्याला बाहेर काढतात. रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुकाल म्हणतात. पॅरासिटामॉलचा तो दोन-तीन तास, डिगॉक्सीनचा सुमारे दीड दिवस, तर थायरॉक्सीनचा सुमारे सात दिवस असतो. म्हणूनच आमच्या त्या रुग्णेची चूक उघड व्हायला महिने लागले.

हे झाले देह औषधाचे काय करतो याविषयी. औषध देहाचे काय करते, ही दुसरी बाजू. तिच्यासाठी आपल्या सर्पगंधेहून चांगले उदाहरण नाही. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या रक्तदाबावरील व मनोविकारांवरील उपयोगाविषयी लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील आपले निष्कर्ष ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि सर्पगंधा जगभर पोहोचली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळे काढण्यात आले. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रेनॅलीन, सेरोटोनीन आदी द्रव्ये सूक्ष्म कोशांत साठवलेली असतात. ही साठवण रेसर्पीन बंद पाडते, कोठार रिकामे होते आणि रक्तदाब उतरतो. कोठार पुन्हा भरण्यास वेळ लागतो, त्यामुळे औषध थांबवल्यावरही परिणाम कित्येक दिवस टिकतो. ह्याच कारणाने विषादाच्या रुग्णास सर्पगंधा देऊ नये, आणि रक्तदाबाची वा झोपेची गोळी चालू असताना तिची भर घालताना दहादा विचार करावा. दोन औषधे रक्तात परस्परांना स्पर्शही न करता एकाच कर्माने रुग्णाला खाली ओढू शकतात.

तीन द्रव्यांचा इशारा

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात तीन द्रव्यांचा अतियोग करू नये असे बजावले आहे : पिप्पली, क्षार आणि लवण. ही तिन्ही विषे नव्हेत. आपल्या रोजच्या कल्पांत ती पदोपदी येतात. तरीही आचार्यांनी नेमकी हीच तीन निवडली. आज रुग्णाच्या पिशवीतील गोळ्यांच्या संदर्भात विचार केला, तर ह्या तिघांचे महत्त्व दुणावते. कारण ही तिन्ही द्रव्ये दुसऱ्या औषधाची देहातील वाट बदलू शकतात.

पिप्पली

आचार्य पिप्पलीला योगवाही म्हणतात. ती शुभाशुभ परिणाम त्वरित देते आणि सतत घेतल्यास दोषसंचय करते, असेही सांगतात. रसायनविधीने आणि गुल्मादिकांत वर्धमान क्रमाने होणारा पिप्पलीप्रयोग ह्या निषेधाला अपवाद होय, हे चक्रपाणींनी टीकेत स्पष्ट केले आहे.

पिप्पली व मरीच यांतील पायपेरीनविषयी जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी महत्त्वाचे काम केले. आतड्याच्या भिंतीत एक प्रथिन औषधांना पुन्हा पोकळीत ढकलून देत असते, आणि तेथील व यकृतातील एक प्रमुख विकर औषधांचे विघटन करीत असते. पायपेरीन ह्या दोन्ही पहारेकऱ्यांना मंद करते, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. परिणामी सोबतचे औषध अधिक प्रमाणात आणि अधिक काळ रक्तात राहते. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी व्यक्तींना २ ग्रॅम कर्क्युमीनसोबत २० मि.ग्रॅ. पायपेरीन दिले, तेव्हा कर्क्युमीनची उपलब्धता कित्येक पटींनी वाढली. २००९ मध्ये अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सने जम्मूच्या त्याच संस्थेच्या सहकार्याने क्षयावरील 'रिसोरीन' हा कल्प बाजारात आणला. त्यात १० मि.ग्रॅ. पायपेरीनच्या जोडीने रिफॅम्पिसीनची मात्रा ४५० ऐवजी २०० मि.ग्रॅ. ठेवली होती. योगवाहित्वाचा यापेक्षा सुंदर दाखला कोणता?

पण ह्याच नाण्याची दुसरी बाजू पाहा. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या जम्मूच्याच अभ्यासात निरोगी व्यक्तींना सात दिवस रोज २० मि.ग्रॅ. पायपेरीन दिल्यावर प्रोप्रॅनोलॉल व थिओफायलीन ह्या दोन्ही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढले. आता हिशेब करू. मिऱ्यात पायपेरीन साधारणतः ५ ते ९ टक्के असते. १ ग्रॅम त्रिकटूत मरीच तृतीयांश, म्हणजे त्यातूनच १६ ते ३० मि.ग्रॅ. पायपेरीन मिळते, आणि पिप्पलीचे वेगळेच. म्हणजे श्वासाच्या रुग्णास आपण सहजपणे देतो ते त्रिकटू वा सितोपलादी हे केवळ अनुपानाचे साहित्य राहत नाही. त्याच रुग्णाच्या खिशात थिओफायलीनची गोळी असेल, तर छातीत धडधड, मळमळ, हातांना कंप ही लक्षणे वातप्रकोपाची समजण्यापूर्वी आपली पुडी आठवावी.

याच्या उलट काही द्रव्ये हे पहारेकरी अधिक सजग करतात आणि सोबतचे औषध निष्प्रभ होते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील औषधशास्त्र विभागाच्या १९९४ च्या अभ्यासात गुग्गुळाच्या अर्काबरोबर प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटलेले आढळले. १९९२ साली तेथूनच प्रसिद्ध झालेली नोंद अधिक बोलकी आहे. फेनिटॉईनवर असलेल्या दोन अपस्मार रुग्णांत शंखपुष्पीयुक्त सरबत सुरू केल्यावर झटक्यांवरील नियंत्रण सुटले. पुढे उंदरांवरील प्रयोगांत ह्या बहुघटक कल्पाच्या पुनःपुन्हा दिलेल्या मात्रांनी फेनिटॉईनचे रक्तातील प्रमाण घटल्याचे दिसले. मेध्य म्हणून प्रेमाने दिलेले सरबत अपस्माराच्या रुग्णास झटका आणू शकते, ही गोष्ट कोणत्याही वैद्याने विसरू नये.

क्षार

क्षार प्रथम क्लेदन करतो व नंतर शोषण करतो. त्याच्या अतिसेवनाने केश, नेत्र, हृदय आणि पुंस्त्व यांची हानी होते, असे आचार्य म्हणतात. औषधांच्या प्रवासात क्षार दोन ठिकाणी आडवा येतो.

पहिले ठिकाण आमाशय व आतडे. आम्लता घटली की केटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल यांसारखी औषधे व लोह नीट विरघळत नाहीत आणि शोषलेही जात नाहीत. चुन्याची संयुगे तर काही औषधांना प्रत्यक्ष धरून ठेवतात. कॅल्शियम कार्बोनेट आणि थायरॉक्सीन एकत्र घेतल्यास थायरॉक्सीनचे शोषण घटते, हे २००० साली अमेरिकेत २० रुग्णांवरील अभ्यासाने दाखवले. शंख, कपर्दिका, शुक्ती, प्रवाळ, मौक्तिक ही सारी चुन्याचीच कुळे होत. आमच्या त्या भगिनीच्या बाबतीत जे घडले ते हेच. लोह व मंडूर यांनाही हाच नियम लागू आहे. टेट्रासायक्लीन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसीन ही प्रतिजैविकेही कॅल्शियम व लोह यांच्याशी जखडली जातात. उपाय साधा आहे : थायरॉक्सीन आणि अशी भस्मे यांत किमान चार तासांचे अंतर. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात दहा औषधकाल सांगितले. आपण ते परीक्षेपुरते पाठ केले आणि पुडीवर मात्र 'दिवसातून दोन वेळा' एवढेच लिहीत राहिलो.

दुसरे ठिकाण मूत्रपिंड. मूत्र क्षारधर्मी झाले की ॲस्पिरिनच्या जातीची आम्ल औषधे लवकर बाहेर पडतात, तर क्विनिडीनसारखी क्षारधर्मी औषधे देहात रेंगाळतात. शिवाय यवक्षारात पोटॅशियम विपुल असते. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टान वा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या रुग्णाचे मूत्रपिंड आधीच पोटॅशियम राखून ठेवत असते. अश्मरीसाठी दिलेला क्षार तेथे भर घालतो. मूत्रपिंडे दुर्बल असतील, तर हे वाढलेले पोटॅशियम हृदयाची गती बिघडवू शकते. क्षाराने हृदयाची हानी होते हे आचार्यांचे निरीक्षण वेगळ्या संदर्भातले असले, तरी आजच्या रुग्णापुढे बसताना ते अर्थपूर्ण वाटते.

लवण

लवणाच्या अतियोगाने ग्लानी, शैथिल्य आणि दौर्बल्य येते असे सांगताना आचार्यांनी दुधाबरोबरही मीठ खाणाऱ्या बाह्लीक व सौराष्ट्रादी प्रदेशांतील लोकांचा उल्लेख केला आहे. हृद्रोग, शोथ व रक्तदाब यांत लवण वर्ज्य, हे आपण सांगतोच. परंतु लवणभास्कर लिहून देताना त्यातील अनेक लवणे आपल्या डोळ्यांसमोर असतात काय?

लवणाचे एक अप्रत्यक्ष रूपही आहे, ते म्हणजे ज्येष्ठमध. चवीला मधुर, पण अतियोगात कर्माने लवणासारखे. अधिवृक्क ग्रंथीतून निघणारे कॉर्टिसॉल मूत्रपिंडात एका विकराद्वारे निष्क्रिय होते. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझीनपासून बनणारे द्रव्य हे विकर रोखते. मग कॉर्टिसॉल मीठ-पाणी धरून ठेवण्याची आज्ञा देत राहते, पोटॅशियम वाहून जाते, रक्तदाब चढतो आणि पायांवर सूज येते. युरोपीय संघाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने २००३ मध्ये दैनिक १०० मि.ग्रॅ. ग्लिसिरायझीन ही नियमित सेवनाची वरची मर्यादा सुचवली. मुळात ते ४ टक्के धरले, तरी ३ ग्रॅम चूर्णातून १२० मि.ग्रॅ. होते. अल्पकाळ कासात वा स्वरभेदात ज्येष्ठमध द्यावे. महिनोन्महिने देताना रक्तदाब मोजावा. मूत्रल गोळी आणि डिगॉक्सीन चालू असेल, तर ते टाळावेच. पोटॅशियम घटले की डिगॉक्सीनची नेहमीची मात्राही विषसमान होते. याच कारणाने अशा रुग्णास तीव्र विरेचन देणेही धोक्याचे आहे.

लवण अकस्मात बंद करण्याचेही परिणाम असतात. उन्मादासाठी लिथियम घेणाऱ्या रुग्णाचे मूत्रपिंड लिथियम व सोडियम यांना जवळजवळ सारखेच वागवते. मीठ एकदम तोडले की देह सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतो आणि विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. ''मीठ बंद करा'' हे आपले नित्याचे पथ्य, पण ह्या एका रुग्णाला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय सांगू नये.

आपण काय करावे

एवढ्या विवेचनावरून आपली औषधे घातक आहेत, असा अर्थ कोणी काढू नये. जे द्रव्य काही करू शकते तेच औषध असते, आणि जे काही करू शकते ते चुकीच्या जागी अपायही करू शकते. 'आयुर्वेदिक औषधाचा अपाय नाही' हे वाक्य आपल्याच शास्त्राला निर्वीर्य ठरवणारे आहे. व्यवहारात पुढील नियम आम्ही स्वतःला लावून घेतले आहेत.

१. पहिल्या भेटीत रुग्णाने चालू असलेली सर्व औषधे पाकिटांसह आणावी. केस-पेपरवर त्यांचा वेगळा रकाना असावा.

२. वॉर्फरीन, डिगॉक्सीन, फेनिटॉईन, लिथियम, थिओफायलीन आणि अवयवरोपणानंतरची औषधे ही अल्प अंतराची औषधे होत. त्यांची हितकर आणि विषारी मात्रा जवळजवळ असते. रुग्ण ह्यांपैकी काही घेत असल्यास नवे द्रव्य एकेक करून, अल्प मात्रेने आणि त्याच्या डॉक्टरांना कळवूनच सुरू करावे. वॉर्फरीनच्या रुग्णाची आय.एन.आर. तपासणी करून घ्यावी.

३. पुडीवर औषधकाल नेमका लिहावा आणि अन्य गोळ्यांपासूनचे अंतरही लिहावे. भस्मे, इसबगोल व क्षार यांच्या बाबतीत हे अनिवार्य मानावे.

४. औषध बंद करतानाही तितकीच सावधगिरी बाळगावी. गुग्गुळासारखे द्रव्य थांबवल्यावर दबलेले औषध पुन्हा वर येऊ शकते.

५. औषधालय चालकांनी पेटंट कल्पांच्या वेष्टनावरील घटक वाचण्याची सवय ठेवावी. त्रिकटू, ज्येष्ठमध, क्षार, लवण व सर्पगंधा ही नावे दिसताच गिऱ्हाइकाला ''दुसरी कोणती गोळी चालू आहे?'' एवढे विचारावे. गल्ल्यावरचा हा एक प्रश्न कधी कधी वैद्याच्या नाडीपरीक्षेइतकाच मोलाचा ठरतो.

६. संशयास्पद अपाय दिसल्यास तो लपवू नये. आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता कार्यक्रमाचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. नोंद कळवणे म्हणजे आपल्या औषधाविरुद्ध साक्ष देणे नव्हे. पुढच्या वैद्याला दिलेला तो दिवा आहे.

चरकसंहितेच्या आरंभीच्याच अध्यायात न जाणलेल्या औषधाला विष, शस्त्र, अग्नी आणि वज्र यांची उपमा दिली आहे, तर जाणलेल्या औषधाला अमृताची. आजवर आपण ह्या वचनाचा अर्थ आपले द्रव्य जाणणे एवढाच केला. आता आपले द्रव्य ज्या देहात जाते, त्या देहात आधीपासून कोण वास करून आहे, हे जाणणेही त्याच अर्थात मोडते. आमच्या त्या भगिनी अद्यापि येतात. पुडी हातात घेतल्यावर त्या हसून विचारतात, ''ही गोळीबरोबर नाही ना घ्यायची?'' तो प्रश्न त्यांच्याआधी आम्हीच विचारावयास हवा होता. वाचक वैद्यबंधू-भगिनींनी तो आजपासून विचारावा, ही नम्र विनंती.

इत्यलम्।